आवाज देऊन ये

ज्वारी चिकात आली, कणसांत दुधाळ दाणा भरला, की आमच्या गावातली माणसं एकमेकांशी ओरडून बोलायला लागतात. दिवसभर पाखरांवर ओरडून घसा त्याच पट्टीत बसलेला असतो. मग घरी येऊन मीठ मागितलं तरी पलीकडच्या आळीला ऐकू जातं. तिसगावच्या बाजारात या दिवसांत भाजीवाल्यासमोर उभी असलेली बाई भांडते आहे की नुसता भाव विचारते आहे, हे मला लग्नानंतर दोन-तीन सुग्या कळत नव्हतं. मी संगमनेरची. प्रवरेच्या पाण्यावर, उसाच्या आणि दुधाच्या गावात वाढलेली. आमच्याकडेही पाखरं होती, पण त्यांच्यावर ओरडायचं असतं हे ठाऊक नव्हतं. ऊस कुठली पाखरं खातात?

यंदा गावात ओरडा कमी आहे. शेजारच्या किसनभाऊंच्या मुलानं प्लॅस्टिकच्या पाइपाची बंदूक आणली आहे. आत कार्बाइडचा खडा टाकायचा, थोडं पाणी घालायचं, लायटरचं बटण दाबायचं, की धडाड् आवाज. पाखरंच काय, बांधावरची म्हैससुद्धा दावं तोडते. पहिल्यांदा तो आवाज झाला तेव्हा मी अंगणात लसूण सोलत बसले होते. माझा हात थांबला आणि नजर आधी ह्यांच्याकडे गेली.

हे म्हणजे आमचे हे. गाव त्यांना मेजर म्हणतं. खरं तर ते हवालदार होऊन निवृत्त झाले, पण आमच्या भागात फौजेतून आलेला प्रत्येक जण मेजरच असतो, त्यात कुणी कागद तपासत नाही. हे कट्ट्यावर, नेहमीप्रमाणे भिंतीला पाठ टेकून बसले होते. आता त्यांना फारसं ऐकू येत नाही, पण हा आवाज आला असणार. मला वाटलं होतं दचकतील, उठून आत जातील. दिवाळीत जातात तसे. त्यांनी नुसती मान वर केली. भोरड्यांचा एक मोठा थवा आमच्या रानावरून उठून डोंगराकडे निघाला होता. तो दिसेनासा होईपर्यंत ते पाहत राहिले, आणि मग त्यांचा चेहरा असा झाला, की मी लसूण ठेवून उठलेच.

"काय झालं हो?" मी विचारलं.

त्यांना ऐकू गेलं नाही.

आमच्या घराचा एक नियम आहे. कुणी तो भिंतीवर लिहिलेला नाही, पण कुत्र्यालाही ठाऊक आहे. कुणाच्या जवळ जायचं तर आवाज देऊन जायचं. दारातून आत येताना "मी आहे", मागच्या दारानं आलात तर तिथूनच "मी आहे हो, मी", न्हाणीतून बाहेर पडताना बादलीची कडी वाजवायची. आत्याबाई, म्हणजे माझ्या सासूबाई, होत्या तोवर काठी आपटत चालायच्या, काठीची गरज नव्हती तेव्हापासून. मांजराच्या गळ्यात घुंगरू बांधलं, आणि घरात उंदरांचं राज्य आलं. मी कपाळाला हात लावला, पण घुंगरू सोडलं नाही. शाळेत शिकवत होते तेव्हा वर्गात शिरण्याआधी मी खाकरायचे. मुलांना वाटायचं बाई सावध करतात, किती चांगल्या. कॉपी करणाऱ्या मुलांचा तर माझ्यावर भारी जीव.

आमची लेक अश्विनी पुण्यात असते. तिच्या फ्लॅटचं कुलूप ती स्वतःच उघडते, आत कुणी नसतं, तरी उंबऱ्यातून म्हणते, "मी आहे गं." जावयांनी एकदा थट्टेत विचारलं, "तुमच्या माहेरी भुतं आहेत का?" तर ती म्हणाली, "हो, एक आहे." जावई हसले. मी स्वयंपाकघरात होते, मला ऐकू आलं. मी हसले नाही, रागावलेही नाही. पोरीनं एका शब्दात सांगितलं होतं ते मी वर्षानुवर्षं मनात घोळवत होते.

कधी कधी वाटतं, हा नियम मीच सुरू केला. ह्यांच्याही आधी.

ते उन्हाळ्याचे दिवस होते. कारगिलचं नाव त्याआधी मी भूगोलाच्या पुस्तकातसुद्धा वाचलं नव्हतं, आणि मी शाळेत भूगोल शिकवत होते! शाळेला सुट्टी, अश्विनी चार वर्षांची, घरात आत्याबाई आणि मी. रेडिओ चुलीजवळच्या फडताळात ठेवलेला. बातम्या लागल्या की आत्याबाई भाकरी थापायच्या थांबायच्या, आणि बातम्या संपल्या की पुन्हा थापायला लागायच्या. ह्यांचं पत्र यायचं बंद झालं होतं. आमच्या जिल्ह्यात फौजेत गेलेली माणसं गावोगाव. कुठल्या ना कुठल्या गावात गाडी आली असं कानावर यायचं. गाडी एवढंच म्हणायचे. कसली, हे कुणी विचारत नव्हतं.

एकदा दुपारी गल्लीत जीप शिरली. हिरवी नव्हती, साधी होती, पण आमच्या दाराशी येऊन थांबली. आत्याबाई उंबऱ्यावर उभ्या राहिल्या, दोन्ही हात चौकटीला लावून. त्यांनी जणू दारच अडवलं. जीपमधून वीज मंडळाचा माणूस उतरला आणि खांब कुठे आहे म्हणून विचारू लागला. आत्याबाईंनी त्याला अशा शिव्या दिल्या की तो बिचारा खांब न बघताच गेला. "न सांगता येतुया मेला! दारात गाडी लावतुया! आवाज द्याला जीभ झडली व्हय रं तुजी?" मग त्या आत येऊन बसल्या आणि पदरात तोंड घालून रडल्या. मी पोस्टमनला सांगून ठेवलं, "लांबूनच घंटी वाजवत या. सायकल तुमचीच आहे हे कळू द्या." तो शहाणा माणूस. गल्लीच्या तोंडापासून आमच्या दारापर्यंत घंटी वाजवत यायचा, आणि पत्र नसेल तर घंटी वाजवतच पुढे जायचा. युद्ध म्हणजे काय हे मला ठाऊक नाही. ते आमच्या घरात कुठे कुठे येऊन बसलं, तेवढंच मला ठाऊक आहे.

पण त्याच्या आधीची सुगी. ती आठवली की अजून हसू येतं, आणि हसू येतं याचाच त्रास होतो.

फौजेतले लोक सुट्टी मागतात ती दिवाळीला, नाहीतर भावाबहिणीच्या लग्नाला. आमचे हे सुट्टी मागायचे पाखरं राखायला. त्यांचे साहेब म्हणे हसायचे. पण संक्रांतीच्या आसपास ट्रंक घेऊन हे हजर, आणि दुसऱ्या दिवसापासून रानात. रानाच्या मधोमध चार मेढी रोवून वर बाजेएवढी बैठक बांधायची, तिला माळा म्हणतात. माळ्यावर उभं राहिलं की चहूकडे नुसती कणसं, आणि कणसांवर उन्हात चमकणारं दव. गोफण ते स्वतः विणायचे, अंबाडीच्या वाखाची. तिच्या खोबणीत दगड ठेवायचा, डोक्याभोवती दोन फेरे द्यायचे, आणि दगड सुटताना फट्ट असा आवाज. आवाजानंच निम्मी पाखरं उठायची. ह्यांचा नेम असा, की बांधावरच्या बोरीची सांगितलेली फांदी हलवून दाखवायचे. आणि हाक! "हाऽऽ हुर्रऽऽ!" ती हाक तीन शेतं ओलांडून जायची आणि तिकडून दुसऱ्या माळ्यावरचा माणूस उत्तर द्यायचा. मी न्याहारी घेऊन निघाले की त्या हाकेत माझी भर पडायची. "हाऽऽ हुर्रऽऽ, मास्तरीनबाई आल्या गंऽऽ!" सगळ्या शिवाराला कळायचं. मला मेल्याहून मेल्यासारखं व्हायचं.

म्हणून मी एक डाव शिकले. चपला बांधावर काढायच्या. बांगड्या मनगटावरून वर सरकवायच्या, म्हणजे वाजत नाहीत. ज्वारी माणसाहून उंच, त्यात शिरायचं, ताटांमधून कडेकडेनं सरकत माळ्याखाली जायचं, आणि मेढ धरून गदागदा हलवायची. वर ह्यांची तारांबळ! "आरं तिच्या मारी! मास्तरीन हाय व्हय!" म्हणत खाली वाकून बघायचे आणि असं हसायचे, की पाखरांचं कामच व्हायचं. मी चिडवायचे, "फौजी माणूस म्हणे. शत्रू पायाशी आला तरी पत्ता नाही."

"बायकूवर कशाला राखन ठिवायची?" ते म्हणायचे. "बायकू आली तर येऊंदी की."

हे वाक्य मला आजही त्यांच्या त्या वेळच्या आवाजात ऐकू येतं. तो आवाज आता कुठे नाही, माझ्या कानाशिवाय.

युद्ध संपलं, पावसाळा गेला, आणि हे थंडीत सुट्टीवर आले. गावानं वेशीपासून मिरवणूक काढली. ट्रॅक्टरच्या ट्रॉलीत हे उभे, डोक्याला फेटा, गळ्यात हार, पुढे हलगी. चावडीपाशी पोरांनी फटाक्यांची माळ लावली. पहिला फटाका वाजला आणि ह्यांनी शेजारी उभ्या असलेल्या सरपंचांच्या मानेला धरून त्यांना ट्रॉलीत आडवं केलं, स्वतः त्यांच्यावर. गाव हसलं. सरपंचही उठून हसले, फेटा सावरत म्हणाले, "मेजरनं वाचवलं बाबा आपल्याला!" आणि सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. हे उभे राहिले, पण हसले नाहीत. मी ओवाळायला दारात ताट घेऊन उभी होते. ह्यांनी मला पाहिलं, मग माझ्या मागचं दार पाहिलं, मग छप्पर पाहिलं. त्या वेळीच मला कळायला हवं होतं, पण आनंदात कुठे काय कळतं.

घरात ते भिंतीला पाठ लावून बसायला लागले. अश्विनीनं खेळता खेळता मागून गळ्यात हात टाकले, तर त्यांनी ते दोन छोटे हात घट्ट धरले आणि बराच वेळ बघत बसले. पोरगी घाबरून माझ्याकडे बघू लागली. तिकडे काय झालं ते त्यांनी सांगितलं नाही. गावातली माणसं विचारायची, तर म्हणायचे, "थंडी लई हुती." एवढंच. मीही एकदा विचारलं. मलाही तेच उत्तर मिळालं.

आणि त्या वर्षी त्यांनी रान असं राखलं, की आमच्या ज्वारीवर एक पाखरू टेकलं नाही. तांबडं फुटायला माळ्यावर, दिवस मावळला की खाली. किसनभाऊ कौतुकानं म्हणायचे, "मेजरनं तिकडं बॉर्डर राखली, आता हिकडं रान राखतोय." फक्त हाक नव्हती. "हाऽऽ हुर्र" कुठेच नाही. शेजारच्या माळ्यांवरून हाका यायच्या आणि आमच्या रानावर येऊन नुसत्याच विरायच्या. आमच्याकडून फक्त गोफणीचा आवाज, फट्ट, आणि पुन्हा शांतता. मी बांधावरून "अहो, जेवायला या" म्हणायचे, ते यायचे, जेवायचे, परत जायचे.

मला माझा नवरा हवा होता. आलेला माणूस त्याच्यासारखाच दिसत होता, त्याच्यासारखाच भाकरी मोडत होता, पण तो नव्हता. मला वाटलं, त्या जुन्या डावात कुठेतरी तो असेल. मेढ हलवली की वरून तोच खाली वाकून बघेल. एका दुपारी मी चपला बांधावर काढल्या, बांगड्या वर सरकवल्या, आणि ज्वारीत शिरले.

माळ्याच्या जवळ पोचलेही नव्हते. गोफणीचा आवाज मला ऐकू आला की नाही, आठवत नाही. भुवईवर आधी ओलं लागलं, मग दुखलं. मी खाली बसले. ताटं मोडत कुणीतरी येत होतं, वाकून, भराभर, आणि मग ताटांतून ह्यांचा चेहरा बाहेर आला. त्या चेहऱ्याला मी कोण हे ठाऊक नव्हतं. किती वेळ, एक श्वासभर असेल. मग ठाऊक झालं. मला लागल्याचं मी विसरून गेले आहे, डावीकडची भुवई थंडीत अजून ठणकते तेवढंच. तो श्वासभराचा वेळ मात्र विसरता येत नाही.

ह्यांनी खांद्यावरचा टॉवेल काढून माझ्या कपाळावर दाबला. "आवाज का न्हाई दिला?" ते म्हणत होते. "आवाज देऊन यायचं. आवाज देऊन ये गं. आवाज देऊन ये." पुन्हा पुन्हा तेच. मी म्हणाले, "हो, देईन." किसनभाऊंच्या मोटारसायकलवरून मला तिसगावला नेलं, तिथे टाके घातले. हे दवाखान्याच्या बाहेर उन्हात उभे राहिले, आत आले नाहीत.

सासरी सांगितलं, माळ्याच्या शिडीवरून पडले. माहेरी सांगितलं, बैलानं शिंग मारलं. दोन्हीकडची माणसं एका लग्नात भेटली तेव्हा शिडी आणि बैल समोरासमोर आले, आणि माझ्या आईनं माझ्याकडे असं पाहिलं, की मी तिथून वाढायला उठले. आत्याबाईंना खरं कुणी सांगितलं नव्हतं, तरी त्या दिवशी संध्याकाळी त्यांनी खुंटीवरची गोफण काढली, चुलीत घातली आणि तिच्यावर भाकरी भाजल्या. भाकरी चांगल्या झाल्या होत्या.

त्यानंतर ह्यांनी गोफण विणली नाही. फौजेतून निवृत्त होऊन आले, रान करू लागले, दर सुगीला माळा बांधू लागले. पण माळ्यावर जाऊन नुसते बसतात. पाखरं येतात, कणसांवर झोंबतात, पोटभर खातात, आणि हे बघत बसतात. आमची ज्वारी पाखरांमध्ये फार प्रसिद्ध आहे. लांबलांबून येतात. माणसांसाठी मात्र पोत्यांचा तळ झाकेल एवढीच उरते. किसनभाऊंनी सुरुवातीला समजावलं, मग थट्टा केली, मग सोडून दिलं. "मेजरचं रान म्हंजी पाखरांची पंगत," असं गावात म्हणतात. मी पण टोमणे मारले आहेत. दळणाची ज्वारी बाजारातून आणताना कुठल्या बाईला राग येणार नाही? पण मनातून वाटायचं, हे माझ्यासाठी चाललं आहे. माझ्या भुवईची भरपाई. ज्या हातानं मला लागलं, तो हात पुन्हा पाखरावरही उचलायचा नाही, असं त्यांनी ठरवलं असणार. त्या कल्पनेवर मी इतकी वर्षं काढली. ती वाईट नव्हती.

आणि मी? मी त्या दिवसानंतर उभ्या ज्वारीत कधी शिरले नाही. जेवण घेऊन बांधापर्यंत जायचं, "मी आहे हो, मी" म्हणून हाक द्यायची, की हे खाली उतरून बांधावर यायचे. घरातही तसंच. ही हाक माझ्या इतकी अंगवळणी पडली की तिच्या मागे काय आहे ते मी बघायचं सोडलं होतं. गेल्या पावसाळ्यात ते बघावं लागलं. मी चहाचा कप घेऊन पडवीत आले. हे पाठमोरे उभे होते, खुंटीवरचं काहीतरी काढत. मी उंबऱ्यातून म्हटलं, "मी आहे." ते वळले नाहीत. मी पुन्हा म्हटलं. मोठ्यानं म्हटलं. मग मी तिथेच उभी राहिले, आणि माझे पाय पुढे जाईनात. चहावर साय धरली तरी मी उभीच. ते आपणहून वळले तेव्हा मी दिसले. त्यांच्या लक्षात आलं. माझ्याही लक्षात आलं, की मला माझ्या नवऱ्याची भीती वाटते. कधीच गेली नव्हती. फक्त मी आवाज देत होते, म्हणून ती झोपून होती.

या माणसाजवळ जायची मला एकच वाट ठाऊक होती, आणि ती बुजत चालली होती.

अश्विनीनं कानाचं यंत्र आणून दिलं. दोन दिवस घातलं, मग डबीत ठेवून दिलं. "समदंच आत येतं," ते म्हणाले. "कंचं जवळचं, कंचं लांबचं, कळंना." मग आम्ही नवे उपाय काढले. मी खोलीतला दिवा लावते-मालवते. समोरून येते. पडवीत आरसा टांगला, म्हणजे मागचं दिसतं. अशानं दिवस जातात. पण दिवसभर मी या माणसाच्या समोर समोर फिरत असते, आणि दमते.

बंदूक वाजली त्याच्या दुसऱ्या दिवशी हे किसनभाऊंच्या अंगणात गेले. मीही मागे. छे, मागे कुठली, त्यांना दिसेल अशी पुढे. हे कधी कुणाकडे काही मागायला जात नाहीत, म्हणून किसनभाऊ बाजेवरून उठूनच उभे राहिले.

"किसन, ती बंदूक बंद ठिव."

"मेजर, तुमाला तरास व्हत आसंल, मला कळतं," किसनभाऊ त्यांच्या कानाशी ओरडून म्हणाले. "पर पाखरं लई हायती वं यंदा."

"मला तरास न्हाई. माझ्या रानातली पाखरं जात्यात. ती ऱ्हाऊंदी."

किसनभाऊंनी माझ्याकडे पाहिलं. मी मान खाली घातली. "ऱ्हाऊंदी," हे पुन्हा म्हणाले, आणि त्यांचा आवाज फुटला. "तू तुझ्याकडं डबं वाजीव. तेवडी बंदूक नगं."

"बरं, बरं. पोराला सांगतो," किसनभाऊ म्हणाले. घरी येताना मी विचार करत होते, एवढी कसली ही माया पाखरांची. बंदुकीचा आवाज सोसतो म्हणणारा माणूस पाखरं गेली म्हणून रडकुंडीला येतो.

बंदूक थांबली. भोरड्या परत आल्या, चिमण्या आल्या, राघू आले. आणि परवा दुपारी मी जेवण घेऊन बांधावर उभी राहिले. "मी आहे हो, मी!" हाक मारली. माळ्यावर ह्यांची पाठ दिसत होती. फोन लावला. त्यांच्या खिशात वाजत असणार, वाजो बापडा. माळ्यावर ना दिवा मालवता येतो, ना समोरून जाता येतं. ज्वारी उंच उभी, वाट तिच्यातूनच. परत फिरावं आणि संध्याकाळी ते घरी येतील तेव्हा जेवतील, असं ठरवून मी वळलेही. मग वाटलं, आज परतले तर उद्याही परतेन. मग घरातही परतेन. मग एक दिवस हा माणूस पाठमोरा बसलेला असेल आणि मी कायमची दारात.

मी ज्वारीत शिरले. ह्यांच्याजवळ गोफण नाही, दगड नाही, हे मला ठाऊक होतं. भीतीला ते ठाऊक नव्हतं. पानं तोंडाला लागत होती, काळ्या रानाच्या भेगांत पाय अडकत होते, आणि मी वेड्यासारखी "मी आहे, मी आहे" म्हणत चालले होते, ऐकणारं कुणी नसताना. मी पाऊल टाकलं की पुढची पाखरं भुर्र करून उठत. पुन्हा पाऊल, पुन्हा भुर्र. डावी भुवई ठणकायला लागली.

तेवढ्यात माळ्यावरून आवाज आला. ह्यांची पाठ तशीच होती, ते वळले नव्हते.

"ये, ये. सावकास ये. तिथं भेग मोटी हाय."

मी थबकले. मग माळ्याखाली पोचले. मेढीला हात लावला नाही. ह्यांनी वाकून हात दिला आणि मी वर चढले. दम लागला होता, बोलवत नव्हतं. मी खूण करून विचारलं, कसं कळलं?

ह्यांनी हातानं रानावरून एक रेघ ओढून दाखवली, मी आले त्या वाटेची. त्या रेघेवर एक पाखरू नव्हतं, दोन्ही बाजूंना कणसं पाखरांनी वाकलेली.

"पाखरं बसल्याली आसली म्हंजी कळतं," ते म्हणाले. "कोन आलं, कुठनं आलं. तुजं पाऊल हाळू पडतं, म्हनून थोडी थोडी उठत्यात. किसन आला म्हंजी समदी यकदम." मग त्यांनी उत्तरेकडे हात केला. "तिकडं वर पाखरूच नव्हतं गं. निस्ता दगुड. कोन येतंय ते कळायचंच न्हाई."

बोललं तरी ऐकू गेलं नसतं. मी फक्त डाव्या भुवईवर बोट ठेवलं आणि त्यांच्याकडे पाहिलं. ते किती तरी वर्षांनी त्या खुणेकडे सरळ बघत होते.

"त्या दिशी," ते म्हणाले, "मीच समदी हाकलली हुती."

मी भाकरीचं फडकं सोडलं. ह्यांनी पहिला तुकडा मोडून माझ्यापुढे ठेवला. दोघंही माळ्याच्या एकाच कडेला, खाली पाय सोडून बसलो होतो. जेवत होतो तेवढ्यात पाखरं परत आली, आणि मी आले त्या वाटेवरच्या कणसांवर एक एक करून बसली. मी त्यांना हाकललं नाही.